पाणी आलंय, ही हाक

खिडकीखाली सातभाईंचा थवा किडे टिपत होता. मांजर दिसताच त्यातला एक पक्षी ओरडायला लागला. बाकीचे उडाले, आणि सगळ्यांत शेवटी तो. गप्प राहिला असता तर पहिला सुटला असता. बघताना मला आमच्या जुन्या चाळीतली एक दुपार आठवली.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. ज्याला आधी कळेल त्यानं ‘पाणी आलंय’ म्हणून सगळ्यांना हाक मारायची, अशी रीत होती. सगळे नळ सुटले की प्रत्येकाची धार करंगळीएवढी होई. पण त्या हाकेच्या भरवशावरच आम्ही बाकीची कामं उरकू शकायचो.

त्या दुपारी आधी माझा नळ खळखळला. इतकी जाड धार कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. मी दार लोटून घेतलं आणि पिंप, बादल्या, पातेलीसुद्धा आवाज न करता भरली. तोवर पाणी गेलं.

संध्याकाळी शेजारच्या कुसुमताई दारात आल्या.

“आज पाणी आलंच नाही ना हो?”

“नाही बाई,” मी दारातच उभी राहून म्हणाले.

त्या घरी गेल्या आणि भरलेली कळशी घेऊन परत आल्या. “कालचं उरलंय. तुमच्याकडे मुलं लहान आहेत, ठेवा.”

मी कळशी घेतली. नको म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.