डाव्या हाताचा ब्रेक

मिरजेला माझा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला, तेव्हा मी चिकोडीच्या कोर्टात वकिली करत होतो. आमचं घर सदलग्याच्या अलीकडच्या एका खेड्यात होतं. मोटारसायकलवरून घरी येताना तंबाखूनं भरलेल्या ट्रकनं मला उडवलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. पाय गेल्याचं दुःख मी नीट केलंच नाही, कारण घरात त्याहून मोठी धास्ती होती. माझ्या बायकोला दमा होता.

ती गावातल्याच शाळेत मास्तरीण. पावसाळा, उन्हाळा ती चांगली असायची. पण थंडी पडली, शेतातून तंबाखू खळ्यावर आली, कुटायला सुरुवात झाली, की गावभर तिखट धूळ पसरायची. इतरांना नुसत्या शिंका यायच्या, हिचा श्वास अडकायचा. खांदे वर चढायचे, गळ्याची खळगी आत ओढली जायची आणि छातीतून कुणीतरी पिपाणी वाजवावी तसा आवाज यायचा. गावात कंपाउंडर होता, तो एक इंजेक्शन द्यायचा. त्यानं भागलं तर भागलं, नाहीतर निपाणी गाठायची.

दारात फियाट होती. बदली होऊन निघालेल्या एका डॉक्टराकडून मी ती घेतली होती, खास हिच्यासाठी. आमच्या वस्तीतली ती पहिली मोटार. विहाराशेजारी ती उभी केली की म्हातारीकोतारी येऊन बॉनेटवर हात फिरवून जायची. कोर्टात जायला मी मोटारसायकलच वापरायचो. पेट्रोल हिच्या दम्यासाठी राखून ठेवायचो.

पाय गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिला दुपारी झटका आला. कंपाउंडरचं इंजेक्शन झालं, उतार पडेना. गावात जीप दोन घरांत होत्या. माझी आई दोन्हीकडं धावत गेली. एका घरी सांगितलं, ड्रायव्हर जेवायला गेलाय. दुसऱ्या घरी म्हणाले, बॅटरी उतरलीय. आमच्या वस्तीला गरज लागली की ती बॅटरी उतरायचीच. आई परत आली, नुसती मान हलवली. शेवटी दुधाचा टेम्पो अडवला. रिकाम्या कॅनांच्या मधे पोतं टाकून हिला निजवलं, शेजारी आई बसली, आणि टेम्पो गेला. मला चढता आलं नाही. मी कुबडी घेऊन अंगणात गाडीला टेकून उभा राहिलो. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती.

ती वाचली. निपाणीचे डॉक्टर नंतर मला म्हणाले, "वकील, पुढच्या वेळी एवढा उशीर करू नका."

ड्रायव्हर ठेवून पाहिला. तो दिवसा यायचा आणि झटका काही वेळ बघून येत नाही. शहराकडं बदली मिळावी म्हणून हिनं अर्ज केला होता, तो वर कुठं तरी पडून होता. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. डावा पाय शाबूत आहे, त्यानं क्लच दाबता येतो. दोन हात आहेत. फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशीच असतो. म्हणजे अडलंय ते फक्त दोन गोष्टींवर, एक्सलेटर आणि ब्रेक.

निपाणीत हमरस्त्याच्या कडेला एक गॅरेज होतं. मालक धारवाडकडचा, बरीच वर्षं इथं राहून मराठी बोलायला लागलेला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, पान थुंकलं आणि म्हणाला, "आगंगिल्ल साहेब. होनार न्हाय."

"का होणार नाही?"

"एक्सलेटर देतो करून. सायकलच्या ब्रेकची मूठ हितं स्टेरिंगखाली लावू, वायर कार्बोरेटरला. त्ये सोपं हाय. पन ब्रेक? तुम्ही मेला तर तुमची मर्जी. समोर कुनाचं पोरगं आलं तर? मी काय तोंड दाखवू?"

मी रोज जात राहिलो. एसटीतून, कुबडी घेऊन, कोर्ट बुडवून. गॅरेजबाहेर बाकावर बसायचो आणि तो दुसऱ्यांच्या गाड्या खोलायचा ते बघायचो. एक दिवस ड्रायव्हरला सांगून मी फियाटच तिथं आणून उभी केली, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "या, बसा गाडीत. काय हुतंय बघू."

आधी आम्ही गाडीचाच हातब्रेक पाहिला. तो वायरचा आणि फक्त मागच्या चाकांना. उभी गाडी धरायचा, धावती गाडी धरताना नुसता कुरकुरायचा. मग त्यानं ब्रेकच्या पेडलला लोखंडी नळी जोडली, ती हातानं खाली दाबायची. मोकळ्या माळावर मी ती दाबली, तर सगळं अंग पुढं वाकलं, दुसरा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि गाडी बाभळीत शिरली. नळी वाकून माझ्या छातीशी आली होती. त्यानं मला बाहेर काढलं. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. तोवर कुणासमोर रडलो नव्हतो.

तो शेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "एक हाय. ऑइल ब्रेकच हातावर घ्यायचा."

म्हणजे असं, की पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळीतून चाकांकडं ढकललं जातं आणि ब्रेक लागतो. त्याच नळीच्या वाटेत आणखी एक सिलिंडर बसवायचा आणि त्याला हातानं ओढायचा दांडा. पाय असलेल्यानं पेडल दाबावं, नसलेल्यानं दांडा ओढावा. तेल चारी चाकांना जाणारच. त्यानं असलं काही आधी केलेलं नव्हतं. मीही कुठं पाहिलेलं नव्हतं.

सिलिंडर निवडण्यातच आठवडा गेला. बेळगावच्या जुन्या बाजारातून आम्ही दोन आणले. एक बारीक होता. दांडा लोण्यासारखा यायचा, पण पार मांडीला टेकला तरी चाकं धरायची नाहीत, कारण चारी चाकांना पुरेल एवढं तेलच तो ढकलत नव्हता. दुसरा जीपचा, जाड. तो तेल भरपूर द्यायचा, पण ओढायला इतका जड की माझा खांदा उतरायचा. मी म्हटलं जाडच घे, दांडा लांब कर. त्यानं दांडा हातभर लांब केला, गाडीच्या तळाला पत्रा टाकून सीटच्या पुढं डाव्या हाताशी बसवला. सिलिंडर खोलून त्यातले रबरी कप काढले, डब्यात पेट्रोल घेऊन स्वच्छ धुतले, पुसले आणि परत बसवले. मी बाकावरून ते सगळं बघत होतो.

नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं ब्रेक ओढून धरायचा, दुसऱ्यानं चाकामागचं निपल सैल करायचं, बुडबुडे येऊ द्यायचे आणि परत आवळायचं. त्या दिवशी रविवार होता म्हणून ही माझ्याबरोबर आली होती. तीच आत बसली. तो गाडीखालून ओरडायचा, "वडा बाई!" ही ओढायची. "सोडा!" ही सोडायची. थोड्या वेळानं तिला धाप लागली.

मी म्हटलं, "राहू दे, मी बसतो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्यासाठीच चाललंय न्हवं हे?"

ब्रेक लागला. माळावर लागला, नदीच्या उतारावर लागला, समोर बैल आडवा आला तेव्हाही लागला. परवान्याचं काय, हे वकील असून मी स्वतःला विचारलं नाही. घरी आलो तेव्हा आईनं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. असल्या गोष्टी आमच्या घरात करत नसत, पण तिला कुणी अडवलं नाही.

महिना गेला असेल. खळी जोरात होती. शाळेतून हिला दोन बायकांनी धरून आणलं, दुपारची वेळ. ओठ निळे पडले होते. मी कंपाउंडरची वाट पाहिली नाही. तिला पुढच्या सीटवर बसवलं, आईला म्हटलं तू इथंच थांब, आणि निघालो. त्या घटकेला, खरं सांगतो, मला हलकं वाटत होतं. कुणाच्या दारात जावं लागलं नव्हतं.

उसाच्या गाड्यांचे दिवस. वळणावळणाला बैलगाड्या, प्रत्येक ठिकाणी दांडा ओढायचा, सोडायचा. अर्धी वाट गेली असेल आणि गाडी जड झाली. आधी वाटलं चढ आहे. मग वास आला, लोखंड तापल्याचा आणि काही तरी करपल्याचा. मी एक्सलेटरची मूठ पूर्ण आवळली तरी गाडी रेंगाळायला लागली, आणि दोन्हीकडं ऊस असलेल्या एका सरळ रस्त्यावर ती थांबली. दांडा पुढं सोडलेला होता. ब्रेक मात्र आपसूक धरून बसला होता.

ही पुढच्या फळीला दोन्ही हातांनी धरून वाकली होती. बोलता येत नव्हतं. माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मला एवढं समजलं, की नळीत तेल कोंडलंय आणि कुठून तरी त्याला वाट द्यायला हवी. निपल! पान्हा गाडीत होता. मी कुबडी फेकली, खाली बसलो आणि ढुंगणावर सरकत मागच्या चाकापाशी गेलो. मागून उसाची गाडी आली. गाडीवानानं बैल थांबवले. "एन आतरी? काय झालं वं?"

"पाणी हाय का? बाईला पाज घोटभर. आणि तिला वारा घाल!"

मी पाठीवर पडून चाकामागं हात घातला. सगळं तापलेलं होतं, बोटं भाजत होती. निपल दिसत नव्हतं, चाचपून पान्हा बसवायचा, तो निसटायचा. गाडीच्या पलीकडून मला तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. ती ऐकू येत होती तोवर बरं होतं. मधेच ती थांबली. मी ओरडलो, "अगं!" उत्तर आलं नाही. गाडीवान म्हणाला, "हाय वं, हाय. श्वास घेत्यात." तेवढ्यात पान्हा फिरला आणि उकळतं तेल फस्सदिशी माझ्या मनगटावर आलं. चाक सुटल्याचा टक् असा आवाज झाला.

निपल आवळलं. गाडीवानानं मला काखेत धरून उचललं, सीटवर बसवलं. आता दांडा ओढला काय किंवा डाव्या पायानं पेडल दाबलं काय, तेल त्याच सिलिंडरमधून जाणार आणि ब्रेक परत धरून बसेल, हे उघड होतं. परत पडून निपल सोडायला वेळ नव्हता. मी डावा हात दांड्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला.

बाकीची वाट मी दुसऱ्या गिअरमध्ये काढली. पुढं बैलगाडी दिसली की लांबूनच हॉर्न दाबायचा आणि दबत्या आवाजात म्हणायचो, "सरक बाबा, सरक." निपाणीच्या अलीकडं उतार लागला. पहिला गिअर टाकला, इंजिन किंचाळलं. हमरस्ता ओलांडायचा होता. दोन्हीकडून ट्रक धावत होते. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. डावीकडून येणाऱ्या बसनं कचकन ब्रेक दाबला, ड्रायव्हरनं आईवरून शिवी दिली, आणि आम्ही पलीकडं गेलो. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर वायरचा हातब्रेक उपसला, तरी गाडी सरकत गेली आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून थांबली. दिवा फुटला. माणसं धावत आली, ती आधी भांडायला आणि मग हिला उचलायला.

ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मनगटाला कुणीतरी मलम लावून गेलं होतं. दिवेलागणीच्या सुमारास नर्सनं आत बोलावलं. हिचे ओठ परत ओठांच्या रंगाचे झाले होते.

"ब्रेक न्हवता न्हवं?" तिनं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही हात मांडीवर ठिवला तवाच." मग श्वास गोळा करून म्हणाली, "मी डोळं मिटून घेतलं. म्हनलं, तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही भ्याल."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला दवाखान्यासमोरच गाडी खोलायला आला. सिलिंडरमधला कप काढून त्यानं तळहातावर घेतला. भिजलेल्या वाटाण्यासारखा तो फुगला होता. फुगून त्यानं तेल परतायचं भोकच बुजवलं होतं. ब्रेकचं रबर पेट्रोलनं धुवायचं नसतं, ब्रेकच्या तेलानंच धुवायचं असतं, हे त्याला सकाळी एका बस डेपोतल्या माणसानं सांगितलं होतं. तो फुटपाथवर बसला. "काढून टाकतो सगळं," म्हणाला. "मला झोप यायची न्हाय."

मी त्याच्यावर चिडलो नाही. चिडायला अंगात काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "काढू नको. नवे कप टाक."

त्यानं टाकले. त्या हंगामात मी हिला आणखी दोन वेळा निपाणीला नेलं आणि दोन्ही वेळा ब्रेक नीट लागला. पण माझी धास्ती काही गेली नाही. ही खोकली की मी अंगणात जायचो, गाडीत बसायचो, दांडा ओढायचो, सोडायचो, आणि शेजारच्या पोरांना गाडी ढकलायला लावून चाक फिरतंय का ते आईला बघायला सांगायचो. आई बिचारी कमरेत वाकून बघायची आणि म्हणायची, "फिरतंय रं बाबा, फिरतंय."

पुढं ऐंशीनंतर केव्हातरी हिची बदली बेळगावजवळ सांबऱ्याच्या शाळेत झाली आणि आम्ही बेळगावात बिऱ्हाड केलं. तिथं तंबाखूची धूळ नव्हती. दमा होताच, पण दवाखाना चार गल्ल्यांवर होता. मी वकिली नव्यानं सुरू केली, कोर्टात त्याच गाडीनं जायचो. पहिल्या दिवशी निघताना ही शाळेला जायला म्हणून पुढच्या सीटवर येऊन बसली, पर्समधून दम्याची गोळी काढून तोंडात टाकली आणि म्हणाली, "चला. मला आज उशीर करून चालायचं न्हाय."