सर्वांच्या फोल्डरमधली हळद

माझ्या निळ्या वहीच्या मागच्या पानांवर दोन परिच्छेद उतरवलेले आहेत. ते माझे नाहीत. हळद कशी शिजवतात त्याबद्दल आहेत आणि लिहिणारी एका मोठ्या घरची सून होती. त्या दोन परिच्छेदांपायी मी वर्गातून बाहेर जाता जाता राहिले. हे मी कुणाजवळ बोलले नाही. बोलायला मला जमत नाही. लिहायला जमतं, ते तिथेच शिकले.

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील. आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर एका संस्थेने बायकांसाठी कम्प्युटरचा वर्ग काढला होता. अट सातवी पासची. मी चौथी. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले आणि तशीच परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मॅडमनीच विचारलं, रोज काय बघून जाता? मी कसंबसं म्हणाले, मला बसायचं आहे. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, बसा, पण एका जरी बाईची तक्रार आली तर मला तुम्हाला उठवावं लागेल, वरून पाहणीला माणसं येतात.

घरी नवरा म्हणाला, चौथीवालीला मशीन काय कळतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शेतात तण निंदायला जायचं आणि दुपारी हात धुऊन वर्गात, असं ठरवून टाकलं.

सहा कम्प्युटर होते, एकमेकांना तारेने जोडलेले. एकेकावर दोघी. कोणत्या बटणाला मराठीतलं कोणतं अक्षर, त्याचा कागद भिंतीला चिकटवलेला. सगळ्या पडद्यांवर एक फोल्डर दिसायचं, त्याचं नाव ‘सर्वांचे’. मॅडमनी सांगितलं होतं की जिला जे काम येतं त्यावर तिने एक पान लिहून त्यात ठेवायचं. मग दुसऱ्यांची पानं उघडायची आणि खाली जी रेघ आहे तिच्याखाली लिहायचं, काय आवडलं ते आणि एक प्रश्न.

पहिला आठवडाभर सगळ्यांनी सगळ्यांच्या खाली ‘छान आहे’ लिहिलं. मॅडम चिडल्या. म्हणाल्या, "हळदीकुंकवाचं वाण वाटून राहिल्या काय तुमी?"

मग खरे प्रश्न येऊ लागले. मी निंदणीवर लिहिलं होतं, चारच ओळी. त्याखाली कुणीतरी एकच शब्द लिहिला, ‘एवढंच?’ मला रडू आलं होतं. पण पान काढून घेतलं नाही. दर दोन दिवसांनी त्यात एक ओळ वाढवत गेले.

पडद्यावर वाचायला मला वेळ लागायचा. म्हणून ज्या पानाखाली लिहायचं असेल ते मी वहीत उतरवून घरी न्यायची आणि सावकाश वाचायची. असंच मी त्या सुनेचं पान उतरवून घेतलं. ती दहावी झालेली, तिची दहाही बोटं चालायची. त्यांच्या वावरात आणि हळदीच्या कढईवर मी तीन सुग्या काम केलेलं. तिचं पान मॅडमनी पाहणीच्या माणसांना दाखवायला निवडलं होतं.

पान चांगलंच होतं. एक ओळ मात्र चुकीची होती. तिने लिहिलं होतं की वाफ बाहेर पडू लागली म्हणजे हळद शिजली. वाफ आधीच येते. तेव्हा काढली तर हळद आतून कच्ची राहते.

आमच्या गल्लीत कुणाच्या घरची वाटी आली तर ती रिकामी परत देत नाहीत. गुळाचा खडा का होईना, काहीतरी घालूनच देतात. त्या सुनेच्या घरची वाटी आमच्या गल्लीत कधी आली नव्हती. तिच्या हातचं माझ्यासमोर आलेलं हे पहिलंच. रेघेखाली एक प्रश्न टाकून परत करणं मला रिकामी वाटी दिल्यासारखं वाटलं. म्हणून मी तिच्या पानातच, वाफेच्या ओळीखाली, काडी टोचून बघण्याच्या माझ्या तीन ओळी घालायला घेतल्या. माऊस ओढताना तिच्या काही ओळी निळ्या झाल्या. मी बटण दाबलं आणि त्या दिसेनाशा झाल्या. मला वाटलं वर सरकल्या. माझ्या ओळी लिहून झाल्या तेव्हा लाईट जायची वेळ झाली होती. लाईट जायच्या आधी सेव्ह करायचं, हे मॅडमनी आमच्याकडून घोकून घेतलेलं. मी सेव्ह केलं आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तिने पान उघडलं.

"माझं अर्धं पान गेलं, मॅडम. आन् हे काडीचं कोणी घुसडलं मधात?"

मॅडमनी एकेकीला विचारलं. एक म्हणाली, लाईटीनं खाल्लं असंल. दोघी-तिघी हसल्या. माझ्यापाशी आल्यावर मॅडम न विचारताच पुढे गेल्या. चौथीवालीच्या हातून एवढं होऊ शकतं असं कुणाला वाटलंच नाही. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. त्या दिवशी मी गप्पच राहिले. मॅडम म्हणाल्या, उद्या पाहणी आहे, जिनं केलं तिनं त्याआधी सांगावं.

घरी वही उघडली. गेलेले दोन्ही परिच्छेद माझ्या अक्षरात जसेच्या तसे होते. उद्या लवकर जाऊन ते गुपचूप परत लिहावेत, कुणाला कळणार नाही, असं आधी मनात आलं. पण मग माझ्या तीन ओळी कुणीतरी खोडी म्हणून घुसडलेल्याच राहिल्या असत्या. त्या खऱ्या होत्या. कढईजवळ धुरात उभं राहून शिकलेल्या होत्या. सांगितलं तर ती तक्रार करील, आणि तक्रार झाली तर वर्ग संपला. तरी सांगायचं ठरवलं.

सकाळी निंदायला गेले नाही. मॅडम कुलूप उघडत होत्या तेव्हाच पोचले. त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. सरळ जाऊन बसले. एका बोटाने एकेक अक्षर शोधत दोन्ही परिच्छेद लिहिले. काना-मात्रा वहीशी ताडून पाहिल्या. माझ्या तीन ओळी मधून काढून रेघेखाली नेल्या. त्याखाली लिहिलं, ‘वरचे दोन परिच्छेद माझ्या हातून पुसले गेले. वहीत उतरवले होते, ते परत लिहिले. काडीचे मीच लिहिले. ते खरे आहे. खिडकीजवळच्या कम्प्युटरवर बसणारी, निंदणीवाली.’

दुपारी बायका आल्या. सुनेने पान उघडलं, वाचत वाचत खाली गेली आणि खिडकीकडे वळून बघितलं. मॅडमही तिच्या मागे उभ्या राहून वाचत होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता तिला विचारलं, काही तक्रार आहे का, असली तर आत्ताच सांगा.

तिने पुन्हा एकदा वाचलं.

"मावशी, मागल्या सुगीत आमच्या कढईवर तुमी होत्या ना?"

"व्हय."

"मग मी वाफंचं लिहिलं ते चुकलं काहून? मी पाहिलं ना डोळ्यानं."

"लांबून वाफच दिसते, वैनी."

कसं बोलले कोण जाणे. तिचा चेहरा जरा उतरला, आणि मग ती पडद्याकडे वळली.

"तक्रार न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "हिच्या ओळी खाली नको, वर पायजेत. या मावशी, तुमच्या हातानं लिवा. काडी टोचून बघावी म्हणता, पण कशी टोचायची, कुठवर? एवढंच?"

माझ्या निंदणीच्या पानाखालचा तो शब्द तिचाच होता, हे मला तेव्हा कळलं.

तिने खुर्ची सोडली. मी बसले. वाफेची ओळ तिने मला पुसायला सांगितली, मी पुसली. त्या जागी लिहिलं की फेस वर यावा, वास पालटावा, मग कढईतून एक गड्डा काढून त्यात काडी टोचावी. काडी न अडता आरपार गेली तर शिजली, मधे अडली तर अजून आच द्यावी. ती मागून वाचत होती आणि मधे मधे विचारत होती. मी बोलून नाही, लिहून उत्तर देत होते.

पाहणीची माणसं अजून यायची होती, लाईट जायला थोडाच वेळ राहिला होता. "सेव्ह करा, सेव्ह करा," मागून दोघी म्हणाल्या.

मी पान वरपासून खालपर्यंत एकदा सरकवत नेलं. तिचे दोन्ही परिच्छेद जागेवर आहेत का ते वहीत बोट ठेवून पाहिलं. मगच सेव्ह केलं.