बिरदेवचं शेवटचं चार किलोमीटर

गावाला अँब्युलन्स मिळावी म्हणून बिरदेव धनगर काश्मीरपास्नं सायकल हाणत आला. सायकलनं सांगली गाठली तर देणगीदार अँब्युलन्सचं पैसं देणार हुतं. त्यांच्याम्होरं देवाचा भंडारा, म्हंजी हळद, उचलून त्यानं आण घेतली हुती, "सांगली येईस्तवर गाडीत बसणार न्हाई." आन् सांगली चार किलोमीटरवर असताना मागचं चाक पार वाकडं झालं.

दोस्त रविराज टेम्पो घिऊन मागं हुता. "बस रं गड्या, कोण बघतंय?"

"भंडारा उचललाय रं!"

लंगडं मेंढरू घ्यावं तशी त्यानं सायकल खांद्यावर घेतली.  पर देणगीदार चालत आलेलं अंतर धरतील का? न्हाई धरलं तर अँब्युलन्स गेली.

सांगलीत कृष्णेच्या पुलावर देणगीदारांचं म्होरकं, धनगरच असलेलं आकारामतात्या उभं हुतं.

"आवं तात्या, शेवटचं चालत आलो," बिरदेव रडकुंडीला आला.

"गाडीत बसलास?"

"न्हाई."

"मग रडतुस कशाला? आपण काय मेंढरं गाडीत बसून राखली व्हय? चल, अँब्युलन्स बघाय जाऊ."