शून्य रेझिस्टन्सची कॉइल

आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये फिल्टर सर्किटचा ग्राफ आधी सॉफ्टवेअरमध्ये काढतात आणि मग रीडिंग त्याला जुळवून लिहितात. मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. यंदा मात्र चीड आली. इतवारी बाजारातून तांब्याची तार आणून कॉइल गुंडाळली, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला तिचा रेझिस्टन्स मोजला आणि सॉफ्टवेअरमधल्या शून्य रेझिस्टन्सच्या आदर्श कॉइलला तो जोडला. ग्राफचं टोकदार शिखर बसकं झालं, हुबेहूब टेबलावरच्या खऱ्या सर्किटच्या रीडिंगसारखं.

विभागप्रमुख म्हणाले, “सर, चांगला ग्राफ काहून बिघडवून राहिले? मॅन्युअलमध्ये असा नाही. पोरांचे मार्क जातील.”

मी समजावू लागलो, तर ते मोबाइल पाहू लागले.

दुपारी मी रेझिस्टन्स पुन्हा शून्य केला. मुलांनी स्क्रीनवरचा ग्राफ पाहून पाहून रीडिंग लिहिली. सर्किटचं बटण कुणी दाबलंच नाही.