दत्तारामची आंघोळ

"आंघोळ का केलीस?" इक्बालभाईंनी पुन्हा विचारलं. हिंदीत.

"गलती हो गया साब," दत्ताराम म्हणाला.

"रक्त लागलं होतं म्हणून?"

"हां साब."

"कपडेही त्यासाठीच धुतलेस?"

"हां साब."

मी शेजारी बसले होते आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावत होते. तुरुंगातली भेटीची खोली. काचेच्या मागे दत्ताराम, इकडे आम्ही दोघं. खालच्या कोर्टाने त्याला फाशी सुनावली होती. आमच्या ऑफिसने अपील घेतलं होतं आणि हा बाबा आपल्याच वकिलाच्या माणसांना हां साब, हां साब करत होता.

आम्ही दोघं लीगल ट्रान्सलेटर. कुवेतमध्ये कोर्टाचं काम अरबीत चालतं. आरोपीला कोर्टाचा सरकारी दुभाषा मिळतो. तो त्याचा नसतो, कोर्टाचा असतो. म्हणून वकील स्वतःची माणसं ठेवतात. आम्ही जबाब तपासतो, भेटीला जातो, पक्षकार काय म्हणतो ते वकिलाला नीट सांगतो. आमचा वकील कुवेती. इथे वकिलाला उस्ताद म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो.

त्या ऑफिसात मी इक्बालभाईंच्या कितीतरी आधीची. फाइली लावण्यापासून सगळं मी बसवलेलं. पण ही केस उस्तादांनी त्यांच्याकडे दिली आणि मला म्हणाले, "सुनंदा, तू मदत कर." मदत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरून मी "येस उस्ताद" म्हटलं.

कारण मला ठाऊक होतं. इक्बालभाईंचं नाव होतं. ते मूळचे श्रीवर्धनकडचे, आधी दुसऱ्या एका देशात हेच काम करायचे. तिथे त्यांच्या एका पक्षकाराला खुनासाठी फाशी झाली. पुढे खरा खुनी सापडला. त्यावरून तिथे इतका गदारोळ झाला की शेवटी त्या देशाने फाशीच बंद केली. मग इक्बालभाईंना परिषदांची बोलावणी सुरू झाली. वर्षातून एकदा तरी ते सूट घालून कुठेतरी युरोपात जात, स्टेजवर बसत, आणि त्यांचे फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पडत. मी खाली अंगठा टाकायची आणि फोन पालथा ठेवायची.

खरं सांगायचं तर माझं एकच दुखणं होतं. हा माणूस केस हरला होता. हरला म्हणून त्याचं नाव झालं होतं. मी कितीजणांना तुरुंगातून सोडवायला हातभार लावला, मला कधी कोणी साधा हार घातला नाही.

असो. केस अशी होती. दत्ताराम वेंगुर्ल्याकडचा, शुवैखच्या एका गॅरेजात डेंटर. डेंटर म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणारा. रामसुमेर तिथलाच पेंटर, उत्तर प्रदेशातला, शुद्ध शाकाहारी. दोघं गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायचे. दत्तारामने खोलीत सुकट भाजली की रामसुमेर भांडायचा. असंच एक भांडण झालं आणि दत्ताराम ओरडला, "डोकं फोडीन तुझं." अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रामसुमेर कॉम्प्रेसरजवळ पडलेला, डोकं फुटलेलं, शेजारी हातोडा. फोरमन आला तेव्हा दत्ताराम मागच्या बाजूला ओल्या केसांनी बसला होता आणि त्याचे कपडे दोरीवर ठिबकत होते. फोरमनने आधी पोलिसांना फोन केला, मग बिचाऱ्याने त्याला चहा आणून दिला. त्याने तो घेतला नाही.

सरकारी वकिलाने हेच सगळं ओळीने मांडलं. धमकी दिली, मारलं, रक्त धुतलं, मन खात होतं म्हणून चहासुद्धा घशाखाली उतरेना. आणि पोलिसांसमोर हां साब. फाशीला अजून काय लागतं?

इक्बालभाई त्या भेटीत पुन्हा पुन्हा रक्ताकडेच जात होते. कुठे लागलं होतं, किती लागलं होतं, उडालेलं की पुसलेलं. त्यांच्या त्या जुन्या केसमध्ये सगळा घोळ रक्ताच्या डागांवरूनच झाला होता. मला वाटलं, साहेब परिषदेसाठी दुसरं भाषण तयार करताहेत. असलं वाईट माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

आणि हिंदी का, तर आमच्या धंद्यातली शिस्त. पोलिसांपुढचा जबाब हिंदी दुभाष्यामार्फत झाला होता. तपासताना शब्दाला शब्द जुळावा म्हणून आम्हीही त्याच भाषेत विचारतो. ही शिस्त मीच ऑफिसात घालून दिलेली. पण त्या दिवशी वेळ संपत आली होती, मी वैतागले होते, आणि शेजारच्या मोठ्या माणसाला जरा दाखवावं असंही होतं. मी काचेजवळ सरकले आणि आमच्या मालवणीत विचारलं, "दत्ताराम, च्या कित्याक नाय घेतलंस रे?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"मढा थंयच पडलेला मां, बाय," तो म्हणाला. "ता उचलून नेयसर च्या कसो पिऊचो?"

"आणि आंघूळ?"

"मेलेल्याक मांडयेर घेतलंय मी. वाटला, जीव आसा. नाय होतो. मगे न्हाऊक नको? घड्याळ, पट्टो, चपला, सगळा धुतलंय."

आमच्याकडे प्रेताला हात लागला की डोक्यावरून आंघोळ, आणि अंगावर असेल नसेल ते सगळं पाण्यातून काढायचं. वाडीत मढं असेपर्यंत कोणी चूल पेटवत नाही, तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत. हे शिकवावं लागत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः केलंय. आणि मी इतके दिवस ती फाइल वाचत होते. अरबीत वाचलं की मीसुद्धा अरबीतलाच विचार करायची.

"मग ह्या पोलिसांक कित्याक नाय सांगलंस?"

"तेंनी इचारल्यानीच नाय. रगत लागला म्हणान न्हालंस काय, इतक्याच इचारल्यानी. रगत तर लागलेलाच होता. खोटा कशाक बोलू?"

बाहेर पार्किंगमध्ये इक्बालभाई गाडीला टेकून उभे राहिले. "आमच्या शेजारी कुळकर म्हणून घर होतं," ते म्हणाले. "त्यांच्याकडे हेच बघितलंय मी लहानपणी. ताई, मला कसं सुचलं नाही?"

"तुम्ही रक्त शोधत होता," मी म्हटलं. बोलताना मला गोड वाटलं. फार गोड वाटलं.

उस्तादांना सांगितलं तर ते थंड. "तुमच्या गावची रीत हा पुरावा नाही. सरकारी वकील म्हणेल, आता रचलंय."

"हातोडा त्याने धुतला नाही, उस्ताद," मी म्हटलं. "रक्ताने माखलेला तसाच पडला होता. फरशीही तशीच. लपवणारा माणूस चपला धुईल आणि हातोडा ठेवील?"

उस्तादांनी पेन खाली ठेवलं. "हे चांगलं आहे. पण मला साक्षीदार हवा. आणि तुमच्या गावचा नको. ज्याला दत्तारामशी काही घेणंदेणं नाही असा."

हे काम इक्बालभाईंचं होतं. पण मी म्हटलं, बघतेच. दत्ताराम शुवैखला येण्याआधी फहाहीलच्या एका लेबर कॅम्पात होता. माझा नवरा तेलाच्या कंपनीत, त्या बाजूला त्याची उठबस. त्याने चार फोन केले आणि निघालं की त्या कॅम्पात एक म्हातारा गवंडी हार्टने गेला होता आणि त्याला उचलणाऱ्यांत दत्ताराम होता. कॅम्प-बॉस मिस्री, म्हणजे इजिप्तचा होता, मोठ्या पोटाचा, अजून त्याच नोकरीत. भेटायला गेले तर तो आठवणीनेच चिडला.

"तो दिवस विसरेन का मी? सगळे कोकणवाले कपड्यांसकट नळाखाली. साइटची बस उभी. मी माणुसकी म्हणून चहा पाठवला, एकानेही घेतला नाही. मी काय विष घातलं होतं?"

"हे कोर्टात सांगाल?"

"माझा अपमान झाला हे कोर्टात सांगायचं?"

"हो. अगदी असंच सांगा."

तो आला आणि खरोखर तसंच बोलला. सरकारी वकिलाने विचारलं, आरोपी तुमचा मित्र आहे का? तो म्हणाला, मित्र कसला, माझा चहा नाकारणारा माणूस आहे. जजसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी स्वतः सरकारी दुभाष्यामार्फत दत्तारामला विचारलं, गॅरेजमध्ये चहा का घेतला नाही. यावेळी दत्तारामने हां साब केलं नाही. मढं, आंघोळ, चपला, सगळं सांगितलं. मागच्या बाकावर मी एकेक शब्द जुळवत होते, कारण मधल्या दुभाष्याने एक शब्द जरी गाळला असता तरी मला उठून बोलायची सोय नव्हती. इक्बालभाई माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते.

निकालाच्या दिवशी दत्ताराम सुटला. पुराव्यात दम नाही असं कोर्टाने म्हटलं. नंतर त्या खुनात दुसऱ्याच एकाला पकडलं. तो खटला अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

आता खरं दुखणं ऐका. आठवडाभरात एका वेबसाइटवर बातमी आली. फोटो कुणाचा? इक्बालभाईंचा. मथळा काय, तर फाशीविरुद्ध लढणाऱ्या भाषांतरकाराच्या प्रयत्नांना यश. खाली त्यांची ती जुनी केस पुन्हा पहिल्यापासून. माझं नाव नाही. चहा तर नाहीच नाही. मी पॅन्ट्रीत गेले, ते कप विसळत होते.

"तुम्ही त्यांना सांगितलंत, हे कुणी शोधलं?"

"सांगितलं. तुमचं नाव स्पेलिंगसकट दिलं."

"मग?"

"छापलं नाही. त्यांना त्या माझ्या माणसाबद्दलच विचारायचं होतं. ताई, जिवंत माणसाची बातमी होत नाही."

मला ते पटलं नाही. पटलं असेल तरी मी पटू दिलं नाही. म्हटलं, तुम्हाला बरं आहे, तुमच्या मेलेल्या माणसावर तुमचं सगळं चाललंय. बोलून गेले. त्यांनी कप पुसून जागेवर ठेवला आणि गेले.

महिन्याभराने ऑफिसात असताना मला गावाहून फोन आला. दत्तारामची बायको. आभार वगैरे झालं आणि मग ती जी सुरू झाली, ती थांबेना. घरी आल्यापासून नुसता लोळतो, सांगितलेलं एक काम करत नाही, रात्रभर घोरतो, कोंबड्यांवर ओरडतो, तुम्हीच काहीतरी सांगा बाई त्याला. मी हसत होते. बघते तर इक्बालभाई दारात उभे.

"स्पीकरवर ठेवता?" त्यांनी हळूच विचारलं.

मी ठेवला. ते खुर्ची ओढून बसले आणि त्या बाईची सगळी रडगाणी ऐकत राहिले. घोरण्याची, कोंबड्यांची, सगळी. फोन बंद झाला तरी उठले नाहीत.

"माझ्या माणसाच्या बायकोशी मी एकदाच बोललो," ते म्हणाले. "फाशीच्या आदल्या दिवशी. फोन हातात धरायची परवानगी फक्त मला होती. तो एक वाक्य बोलायचा, मी तिला सांगायचो. तिने विचारलं, घरी कधी येणार. हे मला त्याला सांगावं लागलं." मग म्हणाले, "मी स्टेजवर हे कधी सांगत नाही. मला तुमचा फार हेवा वाटतो, ताई. त्या चहापासून वाटतोय."

माझा हेवा. कोणाला वाटावा असं माझ्याकडे काही आहे, हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. पॅन्ट्रीतलं ते बोलणं मला गिळता येईना आणि परतही घेता येईना.

आमच्या धंद्यात येणाऱ्या पोरांना मी आता एवढंच सांगते. ज्या भाषेत माणूस नुसता हो म्हणतो, त्या भाषेत त्याला काही विचारू नका. त्याला नाही म्हणता येईल अशी भाषा शोधा, मग जबाब घ्या. बाकी माझा हेवा गेला का, तर नाही. परवाच त्यांचा जिनिव्हाचा फोटो आला. मागे तळं होतं. मला झोंबलं.

पण यंदा त्यांनी मला न विचारता माझं नाव तिथे पाठवलं होतं. मोठ्या सत्रात बोलायला. उत्तर आलं ते त्यांनी खालमानेने मला वाचून दाखवलं. आयोजकांना माझं काम आवडलं होतं, पण दिलगिरी होती. त्या सत्रात फक्त ज्यांच्या पक्षकारांना प्रत्यक्ष फाशी झाली आहे अशांनाच बोलावतात.

"काय कळवू त्यांना?" इक्बालभाईंनी विचारलं.

"कळवा," मी म्हटलं, "बाई पात्र नाहीत."