वहिनींसाठी वांग्याचा चौकोन

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि माझ्या हातात क्रोशाची सुई आली.

रांजणगावच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं मी माल तपासला. मापं घ्यायची, चुकलेलं परत पाठवायचं. निवृत्त झाल्यावर शिरूरच्या घरात मापायला फारसं काही उरलं नाही. एकदा भाकरीचा व्यास घेतला, तर दोन दिवस मला भाकरी स्वतः थापून घ्यावी लागली.

बायकोचा क्रोशाचा गट आहे. निम्म्या जणी शिरूरच्या, निम्म्या दौंडच्या. यंदाच्या थंडीत त्यांनी अदलाबदल ठरवली. प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलायची आणि जिचं नाव निघेल तिच्यासाठी सहा इंचांचा चौकोन विणायचा. तो बघताक्षणी कळलं पाहिजे की हा हिच्याचसाठी केलाय. मग सगळ्यांनी दौंडला जमून चौकोन द्यायचे, आणि जिचा तिने तो आपल्या ब्लँकेटच्या मधोमध जोडायचा.

बायकोला चिठ्ठी आली ती तिच्या दौंडच्या वहिनींची. झाली का पंचाईत! दोघी दोन वर्षं बोलत नव्हत्या.

कारण साडी. वहिनींच्या मुलाच्या लग्नात त्यांनी हिला आहेर केला. हिने घडी उलगडली, तर ती हिनेच पूर्वी वहिनींना नेसवलेली साडी. चुकून झालं असणार, आहेराच्या साड्यांचा हिशेब कुणाच्या कपाटात लागतो? पण हिने ती तिथंच मांडवात चारचौघींसमोर परत केली. क्रोशाच्या गटातून मात्र दोघींपैकी कुणी हललं नाही, कारण आधी बाहेर पडेल ती हरली. गटाच्या व्हॉट्सअॅपवर कुणीही विणकामाचा फोटो टाकला की ही त्याखाली बदाम टाकायची, वहिनींचा तेवढा वगळून.

हिने चिठ्ठीची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "वांगं इणते."

वहिनींच्या हातची भरली वांगी म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. अबोला ऐन भरात असतानाही आमच्या घरात त्यांची आठवण निघायची. पांढऱ्या चौकोनात जांभळं वांगं, वर हिरवं देठ, असं ठरलं.

"आन् हे फिरवून कुणाला देता यायचं न्हाई," ती म्हणाली. मी हसलो, ती हसली नाही.

अदलाबदलीला आठ दिवस उरले असताना ती ओट्यावर चढून फळीवरचा डबा काढायला गेली आणि घसरली. मनगट मोडलं.

"गटात कळवून टाक," मी म्हणालो.

"म्हंजी वहिनी म्हनतील, त्यांचं नाव निघालं म्हनून बहाना केला. तुम्ही इणा. आन् नीट इणा. वाकडंतिकडं झालं तर मी जानूनबुजून दिलंय असंच वाटंल त्यांना. मग जन्मात बोलायच्या न्हाईत."

शिकवणी सुरू झाली. साखळी, खांब, मुका खांब. मुका म्हणजे कसा, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आत्ता व्हायला पायजे तसा."

गोची माझ्या हाताची होती. नट घट्ट बसलाय की नाही एवढंच त्याला कळायचं. सैल सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "सैल धरा हो," ही ओरडायची, "लोकर हाय, गाय न्हाई." मी प्रत्येक ओळीला व्हर्नियर लावून माप घेत होतो. शेवटी चारही बाजू बरोबर सहा इंच भरल्या. मी खुशीत चौकोन टेबलावर ठेवला, तर चारही कोपऱ्यांनी अंग आक्रसलं आणि त्याची वाटी झाली. वांगं उंदरासारखं दिसत होतं. देठ तर शेपटीच.

उसवून पुन्हा विणायला दिवस उरले नव्हते. ओला करून दोन दिवस लोखंडी पेटीखाली दाबला. सपाट झाला, पण पुठ्ठ्यासारखा. न्हावऱ्यावरून चौफुल्यामार्गे दौंडला गाडी चालवताना मला खरोखर भीती वाटत होती. ज्यावर मी स्वतः नापासाचा लाल शिक्का मारला असता, त्या चौकोनावर माझ्या बायकोचं माहेर टांगलेलं होतं.

दौंडला गटातल्या एकीच्या घरी सगळ्या जमल्या होत्या. मला दाराशी खुर्ची मिळाली. हिने प्लास्टर शालीखाली झाकलं होतं, कारण नियम स्वतःच्या हाताने विणायचा. पाळी आली. ही उठली, वहिनींसमोर गेली आणि कागदाची पुडी पुढे केली.

वहिनींचा चेहरा दगड झाला.

"डाव्या हातानं देताय, वन्सं?"

दोन वर्षांतलं त्यांचं पहिलं वाक्य. आठ दिवस आम्ही खांब मोजले, कोपरे मोजले, आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला राहवेना.

"अहो वहिनी, उजवा मोडलाय!"

वहिनींनी शाल बाजूला केली. "कवा?"

"झाले आठ दिवस," ही पुटपुटली.

"आठ दिवस! आन् मला कुनी सांगितलं न्हाई? मी मेले व्हते का?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की चहाचा ट्रे आणणारी बाई उंबऱ्यातच थांबली. मग त्यांनी पुडी सोडली आणि चौकोन दोन बोटांत धरला. "हा काय तुमचा हात न्हाई. कुनी इणलाय?"

मी वर्गातल्यासारखा हात वर केला.

"दाजी? आन् हा उंदीर कशापायी?"

"वांगं हाय ते," ही म्हणाली. "तुमच्या हातचं..."

वहिनी चौकोनाकडे बघत राहिल्या. "तवापासनं भरली वांगी केलीच न्हाईत म्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तुमच्यावानी धड कुनाला खाता येतंय?" आणि दोघीही रडायला लागल्या. माझेही डोळे भरले, ते मी चहात लपवले.

चहा संपला तसं वहिनींनी मला बोलावलं. "दाजी, उसवा समदं. हितंच बसा. हा माझ्या ब्लँकेटात मधी बसनार हाय."

मी उसवला आणि पुन्हा घातला. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला त्या. एक म्हणे सुई तिरकी धरा, दुसरी म्हणे दोरा सोडा. मग दोघी एकमेकींकडे बघून मान हलवत, की यांचं काही खरं नाही. वहिनींनी हिचा प्लास्टरचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि बोलता बोलता त्यावरून हात फिरवत होत्या. संध्याकाळ होत आली. मला एव्हाना जमायला लागलं होतं, वांगं वांग्यासारखं दिसायला लागलं होतं, दोन ओळींत संपलं असतं. मी पुढचे खांब मुद्दाम चुकवले.