पंचायतीचा संगणक उघडेना

शुक्रवारी सकाळी डोळखांब भागातल्या एका ग्रामपंचायतीचा संगणक उघडला नाही आणि अकरा वाजता तिथले ग्रामसेवक तक्रार अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आले. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण हे लहानसं प्रकरण अजून तपशिलासह डोक्यात आहे.

अर्जात लिहिलं होतं की, पंचायतीच्या संगणक चालक मुलीने पासवर्ड बदलून काम मुद्दाम बंद पाडलं. पाड्यांवरच्या घरकुलांची यादी त्याच संगणकात होती आणि संध्याकाळी सहापर्यंत तालुक्याला पाठवायची होती. आदल्या दिवशी रजेवरून वाद झाला होता. बहीण बाळंतीण म्हणून मुलीने आठ दिवस मागितले, ग्रामसेवकांनी यादी जाईपर्यंत थांबायला सांगितलं. ती निघून गेली. शुक्रवारी फोनवर तिने पासवर्ड सांगितला, तो चालला नाही. परत सांगितला, तरी चालला नाही. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. मग तिचा फोन लागेना.

सोबत आलेल्या शिपायाने आणखी एक माहिती दिली.

"जाताना बोलली साहेब. माझ्याबिगर उघडून दाखवा, म्हनली."

"कोणाला?"

"ह्या भाऊसाहेबांना, ग्रामसेवकांना. मी चहा घेऊन आत गेलो ना, तवाच."

हेतू होता, संधी होती, साक्षीदारही होता. गुन्हा नोंदवायला एवढं पुरे, असं ठाणे अंमलदारांचं मत पडलं. मी अर्जाची स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि आधी चौकशी करायचं ठरवलं. मुलगी मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याला बहिणीकडे होती. महिला हवालदाराला घेऊन मी निघालो. पोचायला अडीच वाजले.

जीप बघून बहीण तान्हं बाळ घेऊन ओट्यावर आली.

"फॉरेस्टच्या चौकशीला आलात का साहेब? एवढ्या लवकर?"

मुलीची वनरक्षक भरतीत निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात यायचा होता. गुन्हा दाखल झाला असता तर ही नोकरी हातची गेली असती. हे मला त्या ओट्यावर कळलं.

मी मुलीला पासवर्ड विचारला. अर्जात लिहिला होता तोच तिने सांगितला.

"तो चालत नाही."

"चालतो साहेब. रोज तोच टाकते. मी कशाला बदलू?"

"माझ्याशिवाय उघडून दाखवा, असं म्हणालीस?"

"म्हनले. राग आलेला. पन बदलला नाय."

स्वतःच्या विरुद्ध जाणारं वाक्य तिने नाकारलं नाही. त्यामुळे बाकीचा जबाबही खरा असावा असं मला वाटलं. मग पासवर्ड का चालत नव्हता?

"रोज टाकतेस तसा टाकून दाखव," मी म्हणालो. बहिणीने बसायचा पाट पुढे सरकवला. मुलीने त्यावर बोटं चालवली. डाव्या हाताची दोन बोटं आधी एकदम खाली गेली, मग बाकीची अक्षरं.

"आधी काय दाबलंस?"

"काय नाय दाबलं."

"दाबलं गो," महिला हवालदार म्हणाली. "मी पन बघितलं. परत कर."

दुसऱ्या वेळी तिचा हात मध्येच थांबला.

"मराठी बंद केलं," ती म्हणाली. "दिवसभर दाखले मराठीत टाइप करते ना, म्हणून कीबोर्ड मराठीवरच ठेवलाय. पासवर्डला तेवढं इंग्रजी करते. अरे देवा, हे सांगायला विसरले!"

"विसरलीस कुठं? तुला तरी ठावं होतं का?" हवालदार हसून म्हणाली.

पासवर्ड टाकताना पडद्यावर फक्त ठिपके उमटतात. ग्रामसेवक इंग्रजी समजून मराठी अक्षरं टाकत होते आणि ते त्यांना दिसत नव्हतं.

घरात रेंज नव्हती. रस्त्यावर येऊन मी ग्रामसेवकांना फोन लावला आणि मुलीच्या हातात दिला.

"भाऊसाहेब, खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"बारीक मराठी अक्षरं आहेत."

"डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबा. आता?"

"इंग्रजी आलं."

"आता टाका."

फोनवर फक्त कळांचा आवाज आला.

"उघडला गं," ग्रामसेवक म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाळ कसं आहे?"

"बरं आहे. यादी दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे. तुमी आधी ती पाठवा."

नोकरीच्या पुढच्या वर्षांत, कोणी सगळं सांगितलं असं म्हणालं की मी ते करून दाखवायला सांगत असे. सवयीने घडणारी गोष्ट जबाबात येत नाही. ती लपवलेली नसते, आपण ती करतो हेच माणसाला ठाऊक नसतं.

यादी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तालुक्याला गेली. शनिवारी ग्रामसेवकांनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. पुढच्या महिन्यात पडताळणीचा कागद आला. गुन्हा नोंद नाही, असा अहवाल माझ्या सहीने गेला. पावसाळ्याआधी ती वनरक्षक म्हणून रुजू झाली.